छोट्या व्यवसायासाठी वेबसाइट: विक्स, शॉपिफाय, वर्डप्रेस की नुसतं एक पान?

कातळ:
मंडळी, सल्ला हवा आहे. व्यवसाय रत्नागिरी तालुक्यातला. माल असा: हापूस (डझनाची आणि पाच डझनांची पेटी), डबाबंद आमरस, कोकम आगळ, कोकम सरबत, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, कुळीथ पीठ, पोह्याचे आणि नाचणीचे पापड वगैरे. सगळे मिळून १४ प्रकार. ताजा आंबा फक्त मुंबई, ठाणे आणि पुण्याला पाठवायचा, सुका माल कुठेही. सध्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे यूपीआयने. मार्चच्या आधी साइट उभी राहायला हवी. साइट मराठीत हवी, गरज पडली तर इंग्रजीही. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण शिकून बटणं दाबायची तयारी आहे. कोणता प्लॅटफॉर्म (साइट बनवायचं तयार साधन) घ्यावा?

खटाटोप:
प्लॅटफॉर्म नंतर. आधी डोमेन (साइटचं नाव-पत्ता) घ्या आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यात अजिबात नको. पुढे बिनसलं तर दुकानाची पाटीच त्याच्या घरात राहते. वार्षिक प्लॅनसोबत ‘पहिलं वर्ष डोमेन फुकट’ असतं, त्यालाही भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी बघा. नवीन घेतलेलं डॉट कॉम साधारणपणे ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) हलवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

डोमेन एका ठिकाणी आणि साइट दुसऱ्या ठिकाणी असावी. मग उद्या प्लॅटफॉर्म बदलला तर डीएनएसमधल्या (डोमेन कुठल्या साइटकडे न्यायचं त्या नोंदींमधल्या) दोन ओळी बदलायच्या, संपलं.

रेघोट्या:
खटाटोप यांच्याशी सहमत. त्या दोन ओळींबद्दलच एक. विक्स वगैरे साइट जोडताना ‘नेमसर्व्हर बदला’ असा सोपा रस्ता सुचवतात. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ती जागा. तो बदलला की त्या डोमेनचे सगळे रेकॉर्ड नव्या ठिकाणी नव्याने भरावे लागतात. डोमेनवर ईमेल चालू असेल आणि त्याचे एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे पोचवायचं त्या नोंदी) तिकडे उतरवले नाहीत, तर साइट झकास दिसते आणि ईमेल गुपचूप बंद पडतं. पाठवणाऱ्याला निरोप परत जातो, तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवायचे, फक्त ए रेकॉर्ड आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम (साइट कुठे आहे ते सांगणाऱ्या दोन नोंदी) बदलायचा. काहीही बदलण्याआधी सगळ्या रेकॉर्डांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

जमाखर्च:
कातळ, तुमच्या यादीत दोन वेगळे धंदे आहेत. ताजा आंबा जीएसटीमुक्त आहे. आमरस, सरबत, पोळ्या यांना तसं म्हणता येत नाही, त्यांवर कर लागतो. नुसता ताजा आंबा विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. सरबताची एक बाटली बेळगावला किंवा पणजीला गेली तरी ती आंतरराज्य विक्रीच. (हस्तकलेला सूट आहे, सरबताला नाही.) तेव्हा ‘सुका माल कुठेही’ हे वाक्य साइटवर टाकण्याआधी सीएशी बोला. नोंदणी होईपर्यंत साइटवर डिलिव्हरी महाराष्ट्रापुरतीच ठेवा.

आता प्लॅटफॉर्मचं गणित. ऑर्डर १,००० रुपयांची धरा. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचा) दर २% धरला तर २० रुपये, त्यावर १८% जीएसटी ३.६० रुपये, म्हणजे २३.६०. हे कुठेही गेलात तरी द्यायचेच. शॉपिफायवर याच्यावर आणखी एक थर चढतो. त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचं गेटवे लावावं लागतं, आणि बाहेरचं गेटवे लावलं म्हणून बेसिक प्लॅनवर ते आणखी २% घेतात. झाले ४३.६०. हंगामात अशा ५०० ऑर्डरी आल्या तर नुसता हा दुसरा थरच १०,००० रुपयांचा. महिन्याचं भाडं वेगळं.

सुपारीफूल:
पण शॉपिफायवर रात्री दोन वाजता साइट पडली म्हणून कोणाला उठवावं लागत नाही. त्या दहा हजारांत ती झोप मोजा की.

जमाखर्च:
मोजतो ना. फक्त आधी किंमत कळू दे, मग झोप घेऊ.

पाटीपेन्सिल:
मग स्क्वेअरस्पेस का नको? दिसायला सगळ्यात देखणं तेच आहे.

जमाखर्च:
भारतात माल विकायला नको. त्यांचं चेकआउट (पैसे भरायचं पान) मुख्यतः स्ट्राइप आणि पेपाल या परदेशी पेमेंट सेवांवर चालतं. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातली देयकं बंद केली. स्ट्राइपने २०२४ पासून इथे नवीन खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत. दादरची काकू यूपीआयने पैसे कसे देणार? छायाचित्रकार, वास्तुविशारद यांना नुसतं काम दाखवायचं असेल तर घ्या खुशाल.

कातळ:
धन्यवाद. हे कोणी सांगितलं नव्हतं. विक्सला हीच अडचण येते का?

रेघोट्या:
नाही, विक्सला रेझरपे (भारतीय पेमेंट गेटवे) जोडता येतं. विक्सची अडचण निराळी: आत जाणं सोपं, बाहेर पडणं अवघड. मालाची आणि ग्राहकांची यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) काढता येते, पण पानं आणि मांडणी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही. नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेला टेम्पलेटही (तयार मांडणी) बदलता येत नाही, दुसरा हवा तर साइट नव्याने मांडायची. फुकट प्लॅनवर त्यांची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन लावता येत नाही.

कोणताही प्लॅटफॉर्म निवडताना एकच परीक्षा घ्या. चाचणी खातं उघडा, तीन वस्तू भरा, एक खोटी ऑर्डर टाका आणि लगेच ‘एक्स्पोर्ट’ शोधा. वस्तू, ग्राहक, ऑर्डरी या तिन्हींची फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडा. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. फाइल बहुतेक ठीक असते. एक्सेलमध्ये डबल क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

मुळाक्षर:
साइट मराठीत आहे म्हणताय आणि अक्षरांबद्दल कोणीच बोलत नाही! बहुतेक टेम्पलेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात, आणि देवनागरी घातली की हमखास चार ठिकाणी फसतात.

पहिलं, शीर्षकांना दिलेलं लेटर-स्पेसिंग. रोमनमध्ये अक्षरं सुटी केली की शान येते. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि ‘हापूस’ असा दिसतो जणू पाटीवरचा रंग उडालाय. ते शून्य करा.

दुसरं, ओळींमधलं अंतर. १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत घुसतात. बटणांवर तर मात्रा वरून कापल्या जातात. मजकुराला १.६ ते १.७ ठेवा.

तिसरं, फॉन्ट. टेम्पलेटच्या फॉन्टात देवनागरी नसेल तर फोन त्याच्याकडे असेल तो फॉन्ट लावतो, आणि प्रत्येक फोनवर साइट वेगळी दिसते. मुक्त, बालू, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे सगळे फुकट आहेत. दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. प्रत्येक वजन म्हणजे फोनवर उतरणारी आणखी एक फाइल.

चौथं, भाषेची सेटिंग. साइटची भाषा ‘मराठी’ निवडा, ‘हिंदी’ नको. चांगल्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते ही खूण वाचूनच येतात.

आणि लेबलवरचा मजकूर डीटीपीवाल्याकडून मागवून थेट चिकटवू नका. तो श्री-लिपीत किंवा कृतिदेवात (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत) असला तर साइटवर रोमन अक्षरांची भेळ उमटते. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘सर्व’, ‘कार्य’ असल्या शब्दांत रूपांतरक हमखास चुकतात.

खटाटोप:
मुळाक्षर यांना +१. त्यांच्या यादीत पाचवं माझं: पानाचा पत्ता. वर्डप्रेस वस्तूच्या नावावरून पत्ता स्वतःच बनवतो आणि तो २०० चिन्हांवर तोडतो. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार सुद्धा, ९ रोमन चिन्हांत लिहिलं जातं. ‘रत्नागिरी हापूस आंबा एक डझन पेटी’ असं नाव दिलंत तर पत्ता ‘रत्नागिरी-हापूस-आंबा-एक-ड’ इथे तुटतो. पाच डझनांच्या पेटीचा पत्ता ‘पाच’वर थांबतो. शिवाय लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची हातभर माळ दिसते, लोकांना वाटतं व्हायरस आहे. नाव मराठीतच ठेवा, पत्ता मात्र प्रत्येक वस्तूला हाताने रोमन लिपीत, लहान अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा द्या. आणि पहिल्याच दिवशी द्या. नंतर बदललात तर जुन्या लिंका मोडतात आणि रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं) लावत बसावं लागतं.

सुपारीफूल:
मूळ प्रश्नाकडे. १४ वस्तू आणि दोन-तीन महिन्यांचा हंगाम, याला पहिल्या वर्षी दुकान हवंच का? एक पान पुरेल: फोटो, दर, डिलिव्हरीची गावं, पेटी कधी निघते आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. बटणाच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करायचा, अधिक चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. मजकूर आधीच भरून ठेवता येतो: ‘१ डझन पेटी हवी, पिनकोड: ’. फक्त असं पान फुकटात मिळतं म्हणून कुठेही टाकू नका. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या साध्या साइट कित्येक दुकानदारांनी केल्या होत्या. गुगलने त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, जूनपर्यंत पत्ता प्रोफाइलकडे वळवला आणि मग तोही बंद. छापलेल्या पिशव्यांवरचा पत्ता फुकट गेला. प्रोफाइल ठेवाच, नकाशावर दिसायला तेच लागतं, पण पिशवीवर स्वतःचं डोमेन छापा.

रेघोट्या:
एक पान चालेल, पण त्यावर यूपीआयचा क्यूआर चिकटवून भागत नाही. ग्राहक फोनवरच साइट बघतोय, तोच क्यूआर त्याच फोनने स्कॅन कसा करणार? मग तो स्क्रीनशॉट काढतो, पैसे भरतो, त्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवतो, आणि तुम्ही रात्री बँकेच्या यादीशी एकेक जुळवत बसता. बनावट स्क्रीनशॉटही येतात. दिवसाला दहा ऑर्डरींपर्यंत हे निभतं. त्यापुढे गेटवेची पेमेंट लिंक घ्या. साइट तीच राहते, पैसे आपोआप जुळतात.

गेटवे खातं मंजूर करताना साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि रद्द करणं, डिलिव्हरी अशी पानं आहेत का ते बघतात. आंब्याच्या परताव्याचं नीट लिहा: डागी फळ निघालं तर किती तासांत फोटो पाठवायचा, पैसे परत की बदली फळ. फेब्रुवारीच्या शेवटी अर्ज केलात तर पहिल्या पेट्या गेटवेविना जातील.

जमाखर्च:
साइटवर काय छापावं लागतं तेही सांगतो, प्लॅटफॉर्म हे विचारत नाही. आवेष्टित मालाला उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, मूळ देश. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. घरचा धंदा असेल तर घरातल्याच कोणाचं तरी नाव लागेल. आणि ‘हापूस’ लिहिताय म्हणून: २०१८ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे. रत्नागिरीचा माल आहे, तेव्हा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून क्रमांक साइटवर टाका. ग्राहक विचारतात.

कातळ:
सगळं टिपून घेतोय. ‘ताजा आंबा फक्त मुंबई-ठाणे-पुणे, बाकी माल सगळीकडे’ हे कोणत्या प्लॅटफॉर्मवर जमतं? आणि बॉक्सचं वजन कसं धरायचं?

खटाटोप:
निवड इथेच ठरते. शॉपिफायमध्ये भारतासाठी डिलिव्हरीचे विभाग राज्यावर पाडता येतात, पिनकोडवर नाही. महाराष्ट्र म्हटलं की पुणं आणि गडचिरोली एकाच विभागात. पिनकोडसाठी वेगळं अ‍ॅप, त्याचं वेगळं भाडं.

वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसचं फुकट दुकान) पिनकोड मुळातच आहे. शिपिंग झोनमध्ये एकेका ओळीत भरायचं: मुंबईसाठी 400001...400104, मधे तीन टिंबं. पुण्यासाठी 411*. आकडे रोमनच हवेत, देवनागरी आकडे तो ओळखत नाही. 411* मध्ये शहराबाहेरची काही गावंही येतात, कुरिअरवाल्याशी बोलून यादी छाटा.

मग दोन शिपिंग क्लास करा, ‘ताजं फळ’ आणि ‘सुका माल’. उर्वरित भारताच्या झोनमध्ये फ्लॅट रेट घ्या, त्यातला मुख्य खर्च रिकामा ठेवा, सुक्या मालासमोर दर भरा, ताज्या फळासमोर रिकामं. शून्य नाही, रिकामं. शून्य लिहिलं तर तो ‘फुकट पोचवा’ असं समजतो.

आता फट कुठे राहते ते बघा. नागपूरच्या माणसाने नुसता आंबा टाकला तर ‘डिलिव्हरी उपलब्ध नाही’ असं येतं, बरोबर. पण त्याने आंबा आणि कोकम एकत्र टाकलं, तर कोकमाचा दर सापडतो, तोच दर अख्ख्या टोपलीला लागतो आणि आंबा नागपूरला निघतो. ही चाचणी कोणी करत नाही. यावर नियम लावणारं छोटं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जास्तीचं साधन) हवं. ते नको असेल तर ताज्या आंब्याचं वेगळं पान आणि वेगळी पेमेंट लिंक ठेवा.

सुपारीफूल:
वजनाचं मी सांगते. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतो. आकारमानाचं म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. पापडाचा ३० × ३० × २० चा खोका म्हणजे १८,००० भागिले ५,०००, म्हणजे ३.६ किलो. आत पापड किलोभर. साइटवर १ किलोचा दर लावलात तर प्रत्येक खोक्याला २.६ किलो पदरचे. पापडाचे खोके बसके घ्या. आगळाच्या बाटल्यांचं उलटं, तिथे प्रत्यक्ष वजनच जास्त भरतं.

रेघोट्या:
वूकॉमर्स ठरत असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, हंगामात सगळ्यात महाग पडते ती. ग्राहक फोनवर यूपीआय निवडतो, पैसे भरायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, पैसे जातात, हिरवी खूण दिसते. त्याच्या लेखी काम झालं. तो ब्राउझरमध्ये परत येतच नाही. तुमच्या साइटला पैसे आल्याचं कळतं ते तो परत आल्यावर. त्यामुळे ऑर्डर ‘पेंडिंग पेमेंट’वरच अडकते. वूकॉमर्सची ‘होल्ड स्टॉक’ सेटिंग मुळात ६० मिनिटांची असते. तासाभराने तो ऑर्डर रद्द करतो, पेटी पुन्हा विक्रीला लावतो. पैसे तुमच्याकडे, ऑर्डर रद्द, पेटी दुसऱ्याला गेली. ग्राहक तिसऱ्या दिवशी फोन करतो.

उपाय वेबहुक. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकमध्ये प्लगइनने दिलेला पत्ता टाका, गुप्त शब्द दोन्हीकडे अगदी सारखा भरा, पेमेंट यशस्वी झाल्याच्या घटना निवडा. मग ग्राहक परत आला नाही तरी गेटवे थेट साइटला कळवतो. चाचणी अशी: दहा रुपयांची वस्तू करा, फोनवरून पैसे भरा आणि यूपीआय अ‍ॅपमधूनच फोन बंद करा. दोन-चार मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’वर यायला हवी. सुरक्षा प्लगइनने वेबहुक अडवलं म्हणूनही हे फसतं, तेव्हा नवीन प्लगइन टाकलं की ही चाचणी परत करा.

‘ऑटो कॅप्चर’ही चालू आहे ना ते बघा. नसेल तर पैसे नुसते अडकवून ठेवलेले असतात आणि काही दिवसांनी आपोआप परत जातात.

खटाटोप:
आणखी दोन. कॅशिंग प्लगइन (तयार पानं साठवून साइट वेगवान करणारं) लावाल तेव्हा टोपली, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं त्यातून वगळा, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसते. आणि वर्डप्रेसची वेळेवर करायची कामं कोणी साइट उघडली तरच चालतात. पावसाळ्यात साइटवर चिटपाखरू नसतं, मग रात्रीचा बॅकअपही होत नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर १५ मिनिटांनी लावा. बॅकअप त्याच होस्टिंगवर नको, ड्राइव्हवर पाठवा, आणि एकदा तो परत चढवून बघा.

पाटीपेन्सिल:
फोटोंबद्दल कोणी बोललं नाही. फोनचा फोटो ४-५ एमबीचा असतो. तो तसाच चढवून मग ‘साइट स्लो आहे, होस्टिंग बदलतो’ म्हणतात. रुंदी १,२०० पिक्सेल, वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार), १५० केबीच्या आत. पेटी उघडी, आतलं फळ मोजता येईल असा एक फोटो, आणि देठाजवळचा एक.

कातळ:
म्हणजे वूकॉमर्स घ्यायचं, आणि यंदा ताज्या आंब्याला वेगळं पान नि पेमेंट लिंक. होस्टिंगचे पैसे वर्षाचे भरू की महिन्याचे? कार्ड आपोआप चालेल ना?

जमाखर्च:
वर्षाचे, आणि भारतीय होस्टिंग असेल तर जीएसटी क्रमांक टाकून बिल घ्या. आपोआपवर विसंबू नका. १५,००० रुपयांच्या वरच्या प्रत्येक आपोआप वजावटीला ओटीपी लागतो, त्याखालच्यालाही आधी मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) नोंदवलेलं लागतं, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत बँक बरेचदा व्यवहार नाकारते. सूचना कधीमधी बघायच्या ईमेलवर येते. डोमेन आणि होस्टिंग दोन्हींची मुदत जानेवारीत संपेल असं बघा. डोमेन तर एकदम तीन वर्षांचं भरा. मुदत एप्रिलमध्ये संपली तर ऐन पेट्यांच्या गर्दीत हे निस्तरत बसाल.

मुळाक्षर:
आणि कातळ, ‘पेटी’ लिहिताना डझन किती ते प्रत्येक ठिकाणी लिहा. पुण्याच्या माणसाला पाच डझनांची पेटी ठाऊक असते, खोका बघून भांडतो.